वावडे, नावड आणि तीस मिनिटे

भाषेतील काही शब्द वापरून वापरून गुळगुळीत होतात. ‘ॲलर्जी’ हा त्यांपैकीच एक होय. कोणाला कारल्याची ॲलर्जी असते, कोणाला गर्दीची, तर कोणा सत्ताधाऱ्याला अडचणीच्या प्रश्नांची. आपल्या ‘वावडे’ या जुन्या शब्दाचीही गत याहून निराळी नाही. कष्टाचे वावडे, शिस्तीचे वावडे, सत्याचे वावडे असे त्याचे प्रयोग आपण नित्य करीत असतो. एरव्ही यात आक्षेपार्ह असे काही नाही. परंतु शब्द स्वस्त झाला की त्याच्या पोटातील धोकाही लोकांना स्वस्त वाटू लागतो. लग्नाच्या पंगतीत एखादा पाहुणा कोळंबीला नकार देतो, तेव्हा यजमान त्याला आग्रह करतो, ‘अहो, थोडी खाऊन तर बघा, एवढ्याने काही होत नाही.’ हा यजमान दुष्ट नसतो. आजवर त्याच्या कानी आलेली बहुतेक वावडी ही निव्वळ नावडी होती, एवढाच त्याचा अनुभव असतो. मात्र त्या पुष्कळांमध्ये एखादे वावडे असे असते की, त्याची गाठ थेट प्राणाशी असते. ते कोणते, हे ओळखायचे कसे आणि ओळखल्यावर त्याचे वजन करायचे कोणत्या तराजूने, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही.

हा प्रश्न आम्ही दादरा-नगरहवेलीच्या संदर्भात मांडीत आहोत, याचे काही वाचकांना नवल वाटेल. गोमंतकाला दादरा परके नाही. १९५४ च्या जुलैमध्ये, २१ आणि २२ तारखांच्या दरम्यानच्या रात्री, पोर्तुगीजांच्या हातून प्रथम सुटले ते दादरा. पाठोपाठ २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले आणि त्या दोन घटनांनी गोव्याच्या स्वातंत्र्यसैनिकांच्या मनात जी उमेद जागविली ती १९६१ च्या डिसेंबरपर्यंत विझली नाही. २६ जानेवारी २०२० पासून हा प्रदेश दमण व दीव यांच्याशी जोडला गेला आहे. परंतु आम्ही दादऱ्याची निवड केली ती केवळ जुन्या नात्यापोटी नव्हे. दादरा, डेमणी व तिघरा या गावांचा हा चिमुकला तुकडा चोहोंबाजूंनी गुजरातच्या भूमीने वेढलेला, वापी-सिल्वासा रस्त्यावरचा. कारखान्यांमुळे येथे देशाच्या अनेक प्रांतांतून कामगार आले आहेत. शेजारच्या गुजरातेत दारूबंदी असल्याने येथील उपाहारगृहांत बाहेरच्यांचीही वर्दळ असते. किनारपट्टीची मासळी, गुजरातचे फरसाण, उत्तरेकडील गव्हाची रोटी आणि वारली-कोकणा कुटुंबांची नाचणीची भाकरी हे सारे या एका मुलखात एकत्र आले आहे. नाना प्रांतांची पोटे आणि नाना प्रांतांचे अन्न जेथे एकमेकांस भेटते, तेथे वावड्याचा विचार अधिक काटेकोरपणे व्हावयास हवा.

दोन प्रसंग कल्पनेत आणून पाहू. दादऱ्यातील एका कारखान्यात काम करणारा तरुण कामगार पगाराच्या रात्री सोबत्यांसह जेवावयास बसतो. पूर्वी एकदोनदा कोळंबी खाल्ल्यावर त्याच्या अंगावर पित्त उठले होते. आमसुलाचे पाणी लावले आणि ते गेले. आज पाठदुखीची गोळी पोटात आहे, मद्याचा पेला रिता झाला आहे आणि ताटात कोळंबी आहे. दहा-पंधरा मिनिटांत ओठ सुजतात, आवाज घोगरा होतो, उलटी होते, डोळ्यांपुढे अंधारी येते. सोबती म्हणतात, ‘नेहमीचेच पित्त आहे,’ आणि त्याला खाज थांबविणारी गोळी देऊन खोलीवर झोपवितात. दुसरा प्रसंग नगरहवेलीच्या दुसऱ्या टोकाचा, दुधनीकडच्या एखाद्या पाड्यावरचा. वर्षाच्या आतल्या बाळाच्या गालावर अंडे भरविल्यानंतर चार पुरळ उठतात. कोणीतरी जाणता म्हणतो, ‘ॲलर्जी आहे.’ अंडे बंद होते, मग धसका घेऊन दूध बंद होते, पुढे शेंगदाणाही बंद होतो आणि आधीच किडकिडीत असलेले ते मूल आणखी वाळते. पहिल्या प्रसंगी गंभीर गोष्ट हलकी मानली गेली. दुसऱ्या प्रसंगी बहुधा हलकी असलेली गोष्ट गंभीर ठरविण्यात आली. दोन्ही चुकांचे मूळ मात्र एकच आहे. आपल्यापाशी वावड्याची नेमकी व्याख्या नाही आणि त्याची प्रतवारीही नाही.

प्रथम व्याख्येचा विचार करू. १९०२ साली शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांना समुद्री जीवांच्या विषावर प्रयोग करताना एक विलक्षण गोष्ट आढळली. ज्या कुत्र्यांना एकदा विषाची अल्प मात्रा दिली होती, ते काही आठवड्यांनी तेवढ्याच किंवा त्याहूनही कमी मात्रेने पाहता पाहता दगावत. शरीर सरावण्याऐवजी अधिकच बिथरत होते. या शोधाबद्दल रिशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ‘ॲलर्जी’ हा शब्द व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली घडविला. परंतु ही किमया रक्तातील कोणता घटक करतो, हे कळण्यास आणखी साठ वर्षे जावी लागली. इशिझाका या जपानी पतिपत्नींनी १९६६ साली अमेरिकेत तो घटक हुडकून काढला आणि पुढे त्यास ‘इम्युनोग्लोब्युलिन ई’ असे नाव मिळाले. शरीराची रोगप्रतिकारशक्ती एखाद्या निरुपद्रवी अन्नातील प्रथिनास शत्रू समजते, त्याच्याविरुद्ध ही प्रतिद्रव्ये तयार ठेवते आणि ते प्रथिन पुन्हा पोटात जाताच पेशींमधून हिस्टमीन आदी रसायने एकदम सोडते. तेच अन्न खाल्ले असता पुन्हा पुन्हा घडणारी आणि प्रतिकारशक्तीच्या चुकीमुळे घडणारी प्रतिक्रिया, एवढीच अन्नाच्या ॲलर्जीची शास्त्रीय व्याख्या आहे. यातील काही प्रकार उशिराने आणि या प्रतिद्रव्यांवाचूनही उद्भवतात. परंतु झटक्यात जिवावर बेततो तो बहुशः हा पहिलाच प्रकार.

ही व्याख्या हाती धरली की पुष्कळ धुके निवळते. अळू किंवा सुरण नीट न शिजल्यास घसा खाजतो, हे आपल्याकडील प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे, आणि म्हणूनच ती त्यात चिंच अथवा आमसूल घालते. ही खाज अळवातील कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांची. ती खाणाऱ्या कोणालाही होईल. तिचा प्रतिकारशक्तीशी संबंध नाही. दूध प्यायल्यावर पोट फुगून ढाळ होणाऱ्या अनेक प्रौढांच्या आतड्यांत दुधातील साखर पचविणारा पाचकरस कमी असतो. त्यांना दूध सोसत नाही, पण त्यांना दुधाची ॲलर्जी आहे असे म्हणता येणार नाही. बांगडा बर्फाविना उन्हात राहिला तर त्यातील जंतू हिस्टमीन तयार करतात. ते शिजविल्यानेही जात नाही आणि असा बांगडा खाणाऱ्या घरातील सर्वांचेच चेहरे लालबुंद होतात, डोके ठणकते, अंगावर पित्त उठते. लक्षणे हुबेहूब ॲलर्जीची असतात. दोष मात्र खाणाऱ्याच्या रक्ताचा नसून मासळी हाताळणाऱ्याचा असतो. ताटावरील सर्वांना बाधले तर मासळीकडे बोट दाखवावे आणि पुन्हा पुन्हा एकट्यालाच बाधत असेल तर त्याच्या वावड्याचा शोध घ्यावा, एवढा साधा विवेकही पुष्कळ उपयोगी पडेल.

खरे वावडे यांहून वेगळे आणि अधिक हट्टी असते. कोळंबीचेच उदाहरण घ्या. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत पी. व्ही. सुब्बाराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली कोळंबीतील ॲलर्जीजनक द्रव्य उष्णतेने नष्ट होत नसल्याचे दाखविले आणि १९९३ साली ते द्रव्य म्हणजे स्नायूंतील ‘ट्रोपोमायोसिन’ हे प्रथिन असल्याचे सिद्ध केले. सर्व जगाने मान्य केलेला हा शोध भारतीय कोळंबीवर, भारतीय प्रयोगशाळेत लागला, याचा अभिमान वाटावा अशी ही गोष्ट आहे. पण त्याचा व्यावहारिक अर्थ आपल्या स्वयंपाकघरांपर्यंत अजून पोहोचलेला नाही. ‘चांगली उकळली आहे, आता काय होणार?’ हा युक्तिवाद येथे लटका पडतो. ज्या कालवणात कोळंबी शिजली त्याचा रस्साही वावडे असलेल्यास वर्ज्यच. डाळीच्या पिठाबद्दल तर आपण अधिकच गाफील आहोत. मुंबईच्या पाटील, निफाडकर आणि बापट या वैद्यकीय संशोधकांनी १९९७ साली मेथीच्या आणि २००१ साली हरभऱ्याच्या ॲलर्जीची शास्त्रीय नोंद केली. भजी, फरसाण, पिठले आणि लाडू यांवर पोसलेल्या आपल्या समाजात हरभरा कोणाच्या जिवावर उठू शकेल, ही कल्पनाच अनेकांना अविश्वसनीय वाटते. अविश्वास हा काही इलाज नव्हे.

याच्या उलट दुसरे टोक आहे ते चाचण्यांच्या बाजाराचे. रक्ताच्या एका नमुन्यावर पन्नास-शंभर अन्नपदार्थांची यादी छापून देण्याची पद्धत आता शहरांतून रुळली आहे. ती हातात पडली की मनुष्य निम्मा आहार सोडून देतो. अशा यादीचा अर्थ काय लावावा, हे कर्नाटकातील एका मोठ्या पाहणीवरून कळते. युरोपीय सहकार्याने बंगळूर व म्हैसूर येथील प्रौढांची पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. रक्तात कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्ध प्रतिद्रव्ये आढळली अशांचे प्रमाण २६.५ टक्के निघाले. लक्षणे आणि चाचणी यांचा मेळ बसून ज्यांना ॲलर्जी असण्याचा संभव ठरला, त्यांचे प्रमाण मात्र अवघे १.२ टक्के होते. म्हणजे केवळ रक्ताच्या कागदावर विसंबून निर्णय घेतला असता, तर कित्येक निरोगी माणसांच्या ताटातून अन्न काढून घेतले गेले असते. चाचणी ही साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. रुग्णाने काय खाल्ले, किती खाल्ले, किती वेळाने काय झाले आणि पुन्हा खाल्ल्यावर तसेच झाले काय, ही हकिकत हाच खटल्याचा मुख्य पुरावा होय.

उगाच केलेल्या वर्ज्याची किंमत लहान मुलांना विशेष मोजावी लागते. लंडनमध्ये ६४० अर्भकांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ॲलर्जीचा धोका अधिक असलेल्या बाळांना पहिल्या वर्षापासूनच भुईमुगाचे पदार्थ नियमाने भरविले, तेव्हा पाचव्या वर्षी भुईमुगाच्या ॲलर्जीचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी घटलेले दिसले. भीतीने जे टाळले जात होते, ते टाळणेच पुष्कळदा रोगाला आमंत्रण ठरत होते. अर्थात ज्यास तीव्र प्रतिक्रिया येऊन गेली आहे, अशा मुलावर घरच्या घरी हा प्रयोग करावा, असा याचा अर्थ मुळीच नाही. परंतु दुधनीच्या त्या बाळाचे अंडे, दूध आणि दाणे एका पुरळासाठी कायमचे बंद करण्यापूर्वी कोणीतरी जाणत्या वैद्याने ते बाळ पाहावयास हवे, एवढा अर्थ निश्चित आहे.

आता प्रतवारी. म्युनिकचे रिंग आणि मेस्मर यांनी १९७७ साली शिरेतून दिल्या जाणाऱ्या द्रवांमुळे उद्भवणाऱ्या प्रतिक्रियांच्या चार पायऱ्या आखल्या. पहिलीत केवळ त्वचेवरील लक्षणे आणि चौथीत हृदय अथवा श्वास बंद पडणे. अन्नाच्या बाबतीत अमेरिकेच्या ह्यू सॅम्पसन यांनी २००३ साली पाच पायऱ्या सुचविल्या. त्यानंतरही निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या मोजपट्ट्या निघाल्या आणि एकाच रुग्णास एक मोजपट्टी सौम्य तर दुसरी मध्यम ठरवू लागली. पण या सर्वांतील मोठी उणीव निराळीच होती. त्यांनी मोजली ती एका वेळची प्रतिक्रिया. मोजावयास हवा होता तो एकंदर आजार. मागच्या वेळी नुसते पित्त उठले म्हणून पुढच्या वेळीही तेवढेच होईल, अशी हमी कोणीही देऊ शकत नाही. खाल्लेली मात्रा, बेताबाहेर राहिलेला दमा, अंगातील ताप, जेवणानंतरचे कष्ट, मद्य, वेदनाशामक गोळी यांपैकी एखादी गोष्ट जोडीला आली की तेच अन्न त्याच माणसाला वेगळाच रंग दाखविते. आम्ही वर कल्पिलेल्या कामगाराची चूक नेमकी हीच होती. त्याच्या सोबत्यांनी कालच्या पित्तावरून आजच्या संकटाचे माप घेतले.

ही उणीव ओळखून जागतिक ॲलर्जी संघटनेच्या पुढाकाराने निरनिराळ्या देशांतील तज्ज्ञांनी विचारविनिमय केला आणि २०२३ साली अन्नाच्या ॲलर्जीच्या तीव्रतेची एक सामाईक व्याख्या पुढे ठेवली. सौम्य, मध्यम आणि तीव्र अशा तीनच श्रेण्या, परंतु त्या ठरवावयाच्या पाच अंगांनी. आजवरच्या सर्वांत वाईट प्रतिक्रियेची लक्षणे कोणती होती, ती आवरण्यास किमान कोणते उपचार लागले, किती थोड्या अन्नाने प्रतिक्रिया सुरू होते, रुग्णाच्या व कुटुंबाच्या रोजच्या जगण्यावर तिचा किती ताण आहे आणि त्यापायी किती खर्चाचा बोजा पडतो, ही ती पाच अंगे होत. यांतील पहिली तीन वैद्यकाची आहेत, शेवटची दोन संसाराची. वैद्यकाने संसाराला आपल्या मोजपट्टीत स्थान द्यावे, ही आम्हांस फार मोलाची गोष्ट वाटते. एक चिमूट दाण्याच्या कुटाने ज्याचा घसा आवळतो, त्याला घराबाहेर पाण्यावाचून काही घेता येत नाही. त्याच्या आईला शाळेची प्रत्येक सहल ही परीक्षा वाटते. ही धास्ती रक्ताच्या चाचणीत उतरत नाही, म्हणून ती खोटी ठरत नाही.

तरीही दादरा-नगरहवेलीचा नकाशा समोर ठेवला की या पाच अंगांत आणखी एक अंग जोडावेसे वाटते. ते म्हणजे अंतर. तीव्र प्रतिक्रियेने मृत्यू पावलेल्यांचा ब्रिटनमध्ये झालेला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. अन्नामुळे दगावलेल्यांत, खाल्ल्यापासून हृदय अथवा श्वास बंद पडेपर्यंतचा मध्यक काळ तीस मिनिटांचा होता. तीस मिनिटे! दादऱ्याच्या एका अंगास वापी आहे, दुसऱ्या अंगास सिल्वासा आणि तेथील विनोबा भावे रुग्णालय. वेळीच उमज पडली तर दादऱ्याच्या कामगाराला ही तीस मिनिटे पुरतील. दुधनी मात्र सिल्वासापासून सुमारे ४० किलोमीटरवर, मधुबन जलाशयाच्या काठी, घाटवळणाच्या रस्त्याने. वाटेत खानवेल लागते, पण तेही सिल्वासाहून सुमारे २० किलोमीटर. ४९१ चौरस किलोमीटरचा हा इवलासा प्रदेश. येथेसुद्धा एकाच वावड्याचे दोन गावांत दोन वेगवेगळे परिणाम होऊ शकतात. दादऱ्यात ज्या आजारास मध्यम म्हणावे, तोच दुधनीच्या पाड्यावर तीव्र ठरतो. रोग्याच्या रक्तात काही बदललेले नसते. बदललेली असते ती फक्त सुईपासूनची वाट.

ही सुई ॲड्रेनॅलिनची. हे औषध सव्वाशे वर्षांचे जुने, अत्यंत स्वस्त आणि देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतील. मांडीच्या बाहेरच्या बाजूस, स्नायूत, वजनानुसार ठरलेल्या मात्रेत ते वेळीच टोचले तर आवळलेली श्वासनलिका मोकळी होते आणि उतरलेला रक्तदाब सावरतो. खाज थांबविणारी गोळी खाज थांबविते. ती घसा उघडीत नाही. तरीही आपल्याकडे पहिला हात जातो तो गोळीकडे, आणि ॲड्रेनॅलिन हे शेवटचे शस्त्र म्हणून कपाटात राहते. रुग्णास घाबऱ्याघाबऱ्या उठवून बसविणे, चालविणे हेही घातक. घेरी येत असेल तर त्यास आडवे निजवून पाय उंच ठेवावेत, श्वास लागत असेल तर बसू द्यावे, पण चालवू नये. परदेशांत अशा रुग्णांच्या खिशात स्वतःच टोचून घेण्याची तयार लेखणी असते. आपल्याकडे ती सहजी मिळत नाही आणि मिळालीच तर सामान्य माणसास परवडत नाही. म्हणूनच आपली भिस्त आरोग्य केंद्रातील कुपीवर आणि ती हाताळणाऱ्या परिचारिकेवर असणार.

आणि हे आपल्याला जमत नाही असे मात्र कोणी म्हणू नये. २०२१ साली करोनाची लस देताना देशातील प्रत्येक लसीकरण केंद्रावर लस घेणाऱ्यास अर्धा तास बसवून ठेवले जात होते आणि तीव्र प्रतिक्रियेवरील औषधांची पेटी तयार असे. त्या अर्ध्या तासाचे कारण हेच, जे आज आम्ही सांगत आहोत. लसीकरणानंतर अशी प्रतिक्रिया उद्भवल्यास परिचारिकेने ॲड्रेनॅलिनची पहिली मात्रा देऊन मग रुग्णास पुढे पाठवावे, अशी तरतूद आपल्या लसीकरण कार्यक्रमात आहे. म्हणजे सुई आहे, कुपी आहे, शिकलेला हातही आहे. लशीने आलेल्या संकटास जी पेटी उघडते, ती कोळंबीने आलेल्या संकटास बंद राहावी, याला वैद्यकीय कारण काहीच नाही. कारण असलेच तर ते कागदी आहे.

खाणाऱ्याला पूर्वसूचना मिळण्याचा प्रश्नही असाच अर्धवट सुटलेला आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार पाकिटबंद पदार्थांवर ग्लुटेनयुक्त धान्ये, कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, भुईमूग, काजू-बदामादी कवचफळे, सोयाबीन आणि ठराविक प्रमाणापलीकडील सल्फाइट यांचा स्पष्ट उल्लेख करावा लागतो. दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांनाही अशी माहिती देणे बंधनकारक आहे. हे पाऊल स्वागतार्ह होय. परंतु या यादीत तीळ नाही आणि हरभराही नाही. ब्रिटनमध्ये २०१६ साली पावाच्या पिठात मिसळलेल्या तिळांनी एका पंधरा वर्षांच्या मुलीचा बळी घेतला, त्यातून तेथे कायदा झाला आणि तो १ ऑक्टोबर २०२१ पासून अमलात आला. अमेरिकेने २०२३ च्या आरंभापासून तिळाचा उल्लेख सक्तीचा केला. संक्रांतीला तिळगूळ वाटणाऱ्या देशाने तरी हा विचार आधी करावयास हवा होता. शिवाय वेष्टनावरील मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असला की नियमाचे समाधान होते. गुजराती अथवा मराठी वाचणाऱ्याची सोय ऐच्छिक. आणि कागदात बांधून मिळणारे फरसाण, रस्त्याकडेची भजी, कारखान्याच्या भोजनगृहातील आमटी यांना तर वेष्टनच नसते. जेथे छापील अक्षर पोहोचत नाही, तेथे तोंडी विचारणे आणि खरे उत्तर देणे याला पर्याय नाही.

आमच्या या विवेचनावर एक आक्षेप घेतला जाईल, याची आम्हांस जाणीव आहे. जेथे आदिवासी मुलांच्या कुपोषणाचा प्रश्न आहे, सिकलसेलसारखा रक्ताचा आजार घराघरांत आहे, तेथे अन्नाच्या ॲलर्जीची चर्चा म्हणजे भरल्या पोटाची चैन नव्हे काय? हा आक्षेप प्रामाणिक आहे, पण तो टिकणारा नाही. ॲलर्जी श्रीमंत घर पाहून येत नाही. श्रीमंत घरात तिचे निदान होते, एवढाच फरक. गरिबाच्या घरी ती ‘अचानक गेला’ या दोन शब्दांखाली पुरली जाते. दुसरे असे की, नेमकी व्याख्या ही कुपोषित मुलाच्या बाजूचीच गोष्ट आहे. दहा मुलांच्या ताटातून उगाच काढलेले अंडे तिच्यामुळेच परत येणार आहे. ज्याला खरोखर वावडे नाही त्याला अन्न परत द्यावे आणि ज्याला आहे त्याला संरक्षण द्यावे, ही दोन्ही कामे एकाच प्रतवारीने साधतात. आणि त्यासाठी लागणारा खर्च तरी केवढा? एक कुपी, एक सुई आणि आरोग्यसेविकेचे एका दिवसाचे शिक्षण.

तेव्हा प्रशासनाने काय करावे, हे आम्ही थोडक्यात सांगतो. २०१९ पासून सिल्वासामध्ये ‘नमो’ वैद्यकीय महाविद्यालय चालू आहे. कर्नाटकात झाली तशी शास्त्रशुद्ध पाहणी या महाविद्यालयाने दादऱ्याचे कामगार आणि नगरहवेलीचे आदिवासी पाडे यांत करावी. प्रत्येक आरोग्य केंद्रावर तीनच प्रश्नांची प्रतवारी लावावी. त्वचेपलीकडे श्वास, रक्तदाब वा पोट यांना त्रास झाला होता काय? अगदी थोड्या अन्नाने झाला काय? आणि रुग्णाचे घर सुईपासून किती मिनिटांवर आहे? तीनही उत्तरे प्रतिकूल असतील त्याला गुजराती, मराठी व हिंदीत लिहिलेले एक पत्रक द्यावे आणि ते शाळेत, अंगणवाडीत वा कारखान्यात दाखल करून घ्यावे. कारखान्यांच्या प्रथमोपचार पेटीची जबाबदारी ज्याच्याकडे असते, त्याने कापूस आणि आयोडिनापलीकडे विचार करावा. दुधनी आणि मांदोनीसारख्या दूरच्या भागांतील केंद्रांवर तरी ॲड्रेनॅलिनची कुपी मुदतीच्या आतली आहे की नाही, हे दरमहा पाहिले जावे. गोव्यानेही हे दुरून पाहून मान डोलवू नये. सत्तरी आणि काणकोणच्या डोंगरी वाड्यांनाही हाच हिशेब लागू आहे.

राहता राहिला पंगतीतला यजमान. त्याला आमचे एवढेच सांगणे की, आग्रह हा आपल्या आतिथ्याचा अलंकार असला तरी नकार ऐकून घेणे हा त्याचा प्राण आहे. ‘चालत नाही’ असे कोणी म्हटले तर ‘काय होते?’ असे एकदा आस्थेने विचारावे, आणि उत्तरात श्वास, भोवळ किंवा सुजलेला घसा यांपैकी काही आले तर तो पदार्थ आणि तो डाव त्या पानापासून दूर न्यावा. बाकीचे काम शासनाचे आहे. दादरा-नगरहवेलीच्या प्रशासनाने प्रत्येक पाड्यापासून ॲड्रेनॅलिनची जवळची कुपी किती मिनिटांवर आहे, हा आकडा एकदा मोजून जाहीर करावा. तो जेथे तीसच्या वर जाईल तेथे वावडे सौम्य असो की मध्यम, त्याची गणना तीव्रात करावी आणि तो आकडा खाली आणण्याचे काम त्या दिवसापासून हाती घ्यावे.